सातव्या मजल्यावरचा किंग

सोसायटीच्या कमिटीत तीन वर्षं काढली की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. ते स्वतःच येतात, बेल वाजवतात आणि "सर, दोनच मिनिटं" म्हणून पाऊण तास बसतात. पार्किंगचे किस्से, पाण्याचे किस्से, गच्चीवर कुणी पापड वाळवले त्याचे किस्से. मी भालेराव, मोशीतल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. नोकरी चाकणला, क्वालिटी डिपार्टमेंटला. मित्र जमले की म्हणतात, "भाल्या, तो कुत्र्याचा किस्सा सांग ना!" त्यांना वाटतं तो एकच आहे आणि हसायचा आहे. पुढचं मी सहसा सांगत नाही. आज सांगतो.

*

सातव्या मजल्यावरच्या निलेशनं रॉटवायलरचं पिल्लू आणलं, तेव्हा अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. नाव ठेवलं किंग. रोज त्याचे रील! किंग झोपला, किंग उठला, किंगनं सॉक्स खाल्ला. मुलं रांग लावून त्याला बघायला जायची.

निलेशचे वडील वसंतकाका बायको गेल्यावर परभणीकडच्या गावाहून इथं राहायला आले होते. त्यांनी पिल्लाचा एक पंजा हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "निल्या, हे बारकं राहणार नाही बरं. ह्याला सांभाळणार कोण?"

"मी आहे ना, बाबा!" निलेश म्हणाला.

निलेशची नोकरीही चाकणलाच, तीन शिफ्टमध्ये, वर ओव्हरटाइम. सूनबाई हिंजवडीला. महिन्याभरात पिल्लाचं खाणं, हागणं, फिरवणं सगळं काकांकडं आलं. काका त्याला बाळ्या म्हणायचे. आणि वर्षभरात बाळ्या काकांपेक्षा वजनदार झाला.

*

तक्रारी सुरू झाल्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, "मुक्या जिवावर राग काढू नका." दुसरी म्हणे, "तुमच्या पोराला चावल्यावर बोला." सकाळी 'शुभ प्रभात' आणि त्याच्या खाली शिवीगाळ.

मग माझं डोकं चाललं. आमच्याकडं कंपनीत अपघात होता होता वाचला, की त्याला 'निअर मिस' म्हणतात. पिवळं कार्ड भरून पेटीत टाकायचं. काय झालं, कुठं झालं, त्यावर उपाय काय. मी म्हटलं, इथं निम्मी बिल्डिंग कंपनीवाल्यांची आहे, हीच पद्धत लावू. गेटवर पेटी बसवली. लोकांना काय आवडली राव! पहिल्याच महिन्यात पेटी भरली.

एक कार्ड: "किंगने माझ्या पिशवीचा वास घेतला. पिशवीत अंडी होती. अंडी वाचली."

दुसरं: "लिफ्टमध्ये किंग होता, म्हणून जिन्याने गेलो. सहावा मजला. आता गुडघा."

तिसरं आमचे चेअरमन शेळकेआप्पांचं. बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळं ते अजून पार्किंगला 'वरचं वावर' म्हणतात. आप्पांनी लिहिलं होतं, "कुत्रं गुरगुरलं. मी बी गुरगुरलो. त्ये गप बसलं."

कमिटीत हसून हसून पुरेवाट झाली. मी प्रत्येक कार्डावर उपाय लिहिला आणि खाली सही करून 'क्लोज्ड' लिहिलं. कंपनीत तसंच करतो आम्ही. ऑडिटच्या आधी एकही कार्ड उघडं दिसता कामा नये.

*

तरी तक्रारी थांबेनात, म्हणून मीटिंग घेतली. मी बोर्डावर 'व्हाय-व्हाय' मांडलं. पाच वेळा 'का' विचारायचं, की खरं कारण सापडतं.

कुत्रा का भुंकतो? दिवसभर बांधलेला असतो. का बांधलेला? फिरवायला माणूस नाही. का नाही? निलेश ड्यूटीवर. सुट्टीच्या दिवशीपण का? ओव्हरटाइम. ओव्हरटाइम का? कंपनीला माणसं कमी.

आप्पा मान हलवत म्हणाले, "म्हंजी आमच्या मोशीतलं कुत्रं चाकणच्या कंपनीमुळं भुकतंय व्हय? मग कंपनीलाच बांदा की साखळीनं!"

मीटिंग तिथंच संपली. चहा आला. काका मागच्या खुर्चीवर बसून होते, त्यांना कुणी काही विचारलं नाही. माझं पाहा ना, पाच 'का' मी विचारले, पण म्हाताऱ्याला एवढं जनावर आवरतं का, हे नाही विचारलं.

*

एक उपाय मात्र खरोखर केला. निलेशला मझल आणायला लावलं, तोंडाला बांधायचं. काकांनी ते हातात धरून बघितलं.

"मुसकं हाय की हे! आम्ही कोळपताना बैलाला घालायचो, उभं पीक खाऊ नये म्हणून. ह्यानं कुणाचं पीक खाल्लं, सायेब?"

"काका, नियम आहे."

"घालतो की. नियम म्हणल्यावर घालतो."

गेटच्या कॅमेऱ्यात दिसेपर्यंत ते घालायचे आणि वळणावर काढून खिशात ठेवायचे. मला माहीत होतं. मी दोनदा पाहिलं होतं. कुत्र्याला धाप लागायची आणि काकांना ते बघवायचं नाही. फायलीत मी लिहिलं होतं, "मझल खरेदी केले. क्लोज्ड."

*

रेखाताई चौथ्या मजल्यावर कामाला यायच्या. त्या दिवशी लिफ्टचं दार उघडलं. आत काका आणि बाळ्या, बाहेर रेखाताई, हातात पोछ्याची काठी. काठी बघून तो बिथरला असणार. मुसकं काकांच्या खिशात होतं.

मी आवाज ऐकून धावलो. रेखाताईंचा उजवा हात कोपराखाली फाटला होता. काका जमिनीवर पडलेले, आणि त्यांचे दोन्ही हात कुत्र्याच्या गळपट्ट्यात अडकवलेले. तोंडानं नुसतं "सोड रे बाळ्या, सोड माय" चाललेलं. त्यानं सोडलं, पण उशिरा.

दोघांनाही मी रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. नर्सनं विचारलं, "भटका का पाळीव?"

"पाळीव."

"लसीकरण झालंय?"

निलेशला फोन लावला. तो कंपनीत प्रॉडक्शन लाइनवर होता, मशीनच्या आवाजात ओरडून म्हणाला, "पहिलं झालंय सर! पुढचं ड्यू होतं, शिफ्टमुळं राहिलं!"

"मालक कोण?" नर्सनं पुन्हा विचारलं. मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "मी. माझं नाव लिहा."

रेखाताईंना इंजेक्शनं दिली, जखम धुऊन पट्टी बांधली. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, पिळता येईल ना मला ह्या हातानं? माझी चार घरं आहेत." मी "येईल, येईल" म्हणालो. अजून त्यांची दोन बोटं नीट मिटत नाहीत. चारपैकी दोन घरं सुटली.

घरी येऊन मी फाईल उघडली. त्याच लिफ्टची, त्याच दाराची तीन कार्डं होती. एकावर लिहिलं होतं, "दार उघडताच कुत्रा अंगावर आला, काकांना ओढत." तिन्हींवर माझ्या वळणदार अक्षरात 'क्लोज्ड'. लाज वाटली हो. आजही वाटते.

*

मग तातडीची मीटिंग. आता दोन पार्ट्या नव्हत्या, एकच होती. आप्पा म्हणाले, "निलेश, मुकं जनावर हाय, मला बी कळतंय. पर आता त्ये हितं न्हाई ऱ्हायचं."

निलेशनं लगेच मान डोलावली. जुन्नरकडं मित्राचं शेत आहे, तिथं देतो म्हणाला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

काका उभे राहिले. तळहातांना पट्ट्या होत्या. "माझी चूक हाय. मुसकं मी काढलं. त्या बाईचं कसं भरून द्यावं मला कळंना गेलंय. पण तेवढं एक करा, मला त्याच्यासंगं खाली वॉचमनच्या खोलीत ठेवा. मी वर येणार नाही. त्यालाबी येऊ देणार नाही."

खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मी मिनिट्समध्ये लिहिलं, "विषय मार्गी लागला."

*

तीन आठवड्यांनी कंपनीच्या बसमधून मला किंग दिसला. जुन्नरला नाही, चाकणला! आमच्या गेटजवळच्या वजनकाट्यामागं मोकळा प्लॉट आहे, तिथं गाजरगवतात बसला होता. बरगड्या दिसत होत्या, गळ्यात लाल पट्टा तसाच. खाली उतरून लांबूनच हाक मारली, "बाळ्या!" त्यानं मान वर केली.

संध्याकाळी निलेशला गाठलं. तो गाडीला टेकून उभा होता, डोळे खाली.

"मित्र ऐनवेळी नाही म्हणाला, सर. पोस्ट टाकल्या, ही ब्रीड कुणी घेत नाही. शेल्टरवाले म्हणाले जागा नाही. तिकडं कंपन्या आहेत, कँटीनचं उरलेलं मिळतं… बाबांना सांगू नका ना, प्लीज."

मी चिडलो, वाट्टेल ते बोललो. पण काकांना नाही सांगितलं. सांगितलं तर ते त्याला परत आणणार, आणि त्याला गेटवर अडवायचं काम सेक्रेटरीचं. दोन संस्थांना फोन केले, त्या "बघतो" म्हणाल्या. मीही तेच म्हणत राहिलो.

*

पाच-सहा दिवसांनी सकाळी बसच्या थांब्यावर काका उभे. हातात कॅरीबॅग, तीत दोन ज्वारीच्या भाकरी.

"तुमी रोज चाकणला जायलात ना, सायेब? तिकडं रस्त्याला कुत्री असत्यात. टाका एखाद्याला."

मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी रस्त्याकडं. निलेश बोलला असेल का त्यांनी नुसतं ओळखलं, मला आजही ठाऊक नाही. पिशवी घेतली. प्लॉटच्या कडेला भाकरी टाकली. तो आला, दोन घासांत संपवली आणि माझ्या रिकाम्या हाताकडं बघत उभा राहिला.

संध्याकाळी काका गेटवर होते. "खाल्ली का?"

"खाल्ली."

"चावून खाल्ली का गिळली?"

"गिळली, काका."

"हळू खा म्हणावं," एवढं बोलून ते लिफ्टकडं गेले.

मग रोजचं झालं. सकाळी पिशवी, संध्याकाळी "खाल्ली का?" पावसाचे दिवस होते, कधी भाकरी भिजायची, तरी तो खायचा. मी त्याला हात लावायची हिंमत कधी केली नाही. कंपनीचे वॉचमन लोक त्याला दगड मारायचे, त्यांना मी चहा पाजून गप्प केलं. म्हटलं, तोवर कुठंतरी सोय होईल.

सोय झाली नाही. एका सोमवारी तो प्लॉटवर नव्हता. वजनकाट्यावरच्या माणसानं सांगितलं, रविवारी एक कंटेनर रिव्हर्स घेत होता, त्याच्याखाली आला. त्यानं पट्टा काढून ठेवला होता, तो मला दिला. मी तो माझ्या ड्रॉवरमध्ये फायलींखाली ठेवला. दिवसभर एकही पार्ट नीट तपासला नाही.

दुपारी जेवायला बसलो तर डब्याशेजारी काकांची पिशवी. टाकवेना हो. भाकरी होती, कुणीतरी पहाटे उठून थापलेली. खाल्ल्या दोन्ही.

संध्याकाळी काका गेटवर. "खाल्ली का?"

"खाल्ली," मी म्हणालो. तोंडातून तेवढंच निघालं.

दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. तिसऱ्या दिवशी नक्की सांगू म्हटलं. रोज सकाळी ते पिशवी देत, आणि रोज दुपारी मी कँटीनच्या कोपऱ्यात बसून ती भाकरी खाई. बायको विचारायची, "डबा परत का येतो?" मी म्हणायचो, भूक नसते. असे सतरा-अठरा दिवस गेले.

परवा ठरवून थांब्यावर लवकर गेलो. काका आले, पिशवी पुढं केली. मी म्हणालो, "काका, थोडं बोलायचं होतं."

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि माझी मूठ वरून दाबली. बस वळणावर आली होती.

"सायेब, उद्यापासून संगं ठेचा देतो," काका म्हणाले. "कोरडी भाकर किती दिवस खाताल?"