रिकामी सहावी सीट

परवा अंधेरीच्या घरी बाबांचा तेरावा झाला. आंब्याचे दिवस म्हणून नैवेद्याच्या पानावर मी आमरसाची वाटी ठेवली... आईने ती उचलून बाजूला ठेवून दिली. मला वाटलं, काहीतरी रीत असेल.

जेवणं झाली, पाहुणे गेले. पास्कलकाका तेवढे थांबले. सत्तरच्या दशकात जुहूच्या विमानतळावर एका कारखानदाराचं खासगी विमान असायचं, त्याची देखभाल बाबा आणि काका मिळून करायचे. काका आता ऐंशीला टेकलेत, आंबोलीहून रिक्षाने एकटे आले होते.

"तुज्या बापासारका मानूस नाय गं पोरी," ते म्हणाले. "सक्ख्या बायकोला बी ‘नाय’ बोलला. नियम म्हंजे नियम."

ही गोष्ट आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. बाबांच्या सचोटीची गोष्ट म्हणून सांगतात. मी तेव्हा पाच वर्षांची होते, पण तो वजनकाटा मला अजून दिसतो...

नागपूरहून तार आली होती. आजोबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं, काही खरं नाही, लगेच निघा. नेमकं दुसऱ्या दिवशी सकाळी सातला साहेबांचं विमान नागपूरला जाणार होतं, आणि पायलट धरून सहा सीटांपैकी एक रिकामी होती. आईला न्याल का, असं बाबांनी कॅप्टनना विचारलं, ते हो म्हणाले. आम्ही साडेसहालाच हँगरमध्ये जाऊन बसलो.

काय देखणं होतं ते विमान! पांढरं, निळ्या पट्ट्याचं, दोन्ही पंखांवर एकेक इंजिन. उडालं की चाकं पोटात घ्यायचं. ताशी तीनशे किलोमीटर जातं, अडीच तासांत नागपूर, असं बाबा मला सांगत होते. आई पिशवी मांडीवर घेऊन नुसती बसली होती.

साहेब आले साडेअकराला. तोवर हँगरचा पत्रा तापला होता, हात लावता येत नव्हता. सोबत तीन पाहुणे आणि त्यांचं सामान... साहेब गाडीतच बसून राहिले.

बाबांनी सामान तोलायच्या काट्यावर आईला उभं केलं. एकोणपन्नास किलो. त्यांनी कागदावर बेरीज केली. मग पुन्हा केली.

आई उतरली. पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि अनवाणी पुन्हा काट्यावर चढली. सेहेचाळीस. ती बाबांकडे बघत राहिली...

कॅप्टन म्हणाले, "तूच सांग. नेऊ?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

विमान उडालं, समुद्रावर वळसा घेऊन पूर्वेला गेलं. काहीसुद्धा झालं नाही. अडीचच्या सुमारास ते नागपूरला उतरलं, सहावी सीट रिकामी घेऊन. आई रात्रीच्या गाडीने गेली. पण आजोबा त्याच संध्याकाळी गेले होते.

नंतर कितीतरी वर्षं बाबा समजावत राहिले. आईला कमी, आम्हालाच जास्त. सहा सीट असल्या तरी सहा माणसं, सामान आणि भरलेल्या टाक्या एकदम चालत नाहीत. दुपारच्या उन्हात हवा विरळ होते, जुहूची धावपट्टी आखूड. "लोकांना वाटतं, दोनांतलं एक इंजिन गेलं तर अर्धी ताकद उरते. तसं नसतं. उरलेल्याला बंद पडलेल्याचं ओझंही ओढावं लागतं. विमान कसंबसं तरंगतं, वर चढत नाही." आई ऐकायची आणि उठून कुकर लावायची.

परवाही ती ऐकतच होती. मग म्हणाली, "त्या सामानात आंब्याच्या तीन पेट्या होत्या ना, पास्कलभाऊ?"

मला हे माहीतच नव्हतं.

"व्हत्या, वयनी. सायबाला कुनातरी मोट्या मानसाला द्यायच्या व्हत्या."

"वजन किती?"

"बावन किलो." चाळीस वर्षांनंतर काकांना तो आकडा विचार न करता आठवला. "त्यो बोलनार व्हता सायबाला, पेट्या उतरवू काय म्हनून. दोनदा गेला गाडीपरेंत. काचंवर टकटक करायला हात बी वर केलान... आनि परत आला."

"माहितीये," आई म्हणाली. "काट्यावरून दिसत होतं मला."

म्हणजे ऊन खरं होतं, धावपट्टी खरी होती, इंजिनाचंही सगळं खरं होतं. फक्त एक वाक्य बोलायचं राहिलं होतं... आणि तेवढंच सोडून बाकी सगळं बाबा आम्हाला आयुष्यभर समजावत राहिले.

काका गेल्यावर आई म्हणाली, "दर मे महिन्यात पेटी आणायचे. स्वतः फोड तोंडात घातली नाही कधी. उष्ण पडतो म्हणायचे. मीही का म्हणून विचारलं नाही."

मग सकाळी बाजूला ठेवलेली वाटी तिने पुढे ओढली आणि चमच्याने आमरस खाऊ लागली. सावकाश, सगळा.

मी विचारलं, "आई, रागावली होतीस बाबांवर?"

"हो."

"अजून?"

तिने वाटीत चमचा ठेवला. "आता कुणावर रागावू गं..."

इतक्या वर्षांत आमच्या घरात हा प्रश्न कुणी पहिल्यांदाच विचारला. तेरा दिवस आधी विचारला असता, तर उत्तर ऐकायला बाबाही होते.