हात वर करून घेतलेलं माप

रोझेनसारखी हट्टी पोर आमच्या बंदरात दुसरी झाली नाही, आणि बरंच झालं बाई, एक पुरे! मी तिची शेजारीण. चर्चची झाडलोट माझ्याकडे, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत पाहिलंय.

आमच्याकडे माणूस समुद्रावर निघाला की घरच्या बाईने सुताने त्याचं माप घ्यायचं, पायापासून डोक्यापर्यंत. जहाज परतलं नाही तर त्या सुताला मेण चढवून, त्याची वेटोळी मेणबत्ती करून चर्चमध्ये खलाशांच्या रखवाल्या संत निकोलससमोर लावायची, आणि माणूस परत मागायचा. गोल्वेन मिठाच्या जहाजावर निघाला, तेव्हा त्याच्या आईने तो मान रोझेनला दिला. दोघांचं लग्न नुसतं ठरलं होतं. आणि या टवाळाने काय करावं? हात सरळ वर केला!

"हात खाली घे रे, मेल्या!" मी ओरडले.

"राहू द्या, मावशी. परत येताना आधी हाच दिसेल तिला."

रोझेनने हसत हसत त्याच्या बोटांपर्यंत सूत ताणलं.

हिवाळा उलटला, जहाज आलं नाही. पाणगिरणीवाल्या कादोने तिला मागणी घातली. तिचा बाप रिवाल म्हणाला, "पोरी, किती वाट बघशील? कादो चांगला आहे."

"मेणबत्ती विझेपर्यंत थांबा, बाबा. विझली की तुम्ही सांगाल त्याच्याशी लग्न करीन. संतासमोर शब्द देते."

"मग ते हाताचं सूत काप. माप डोक्यापर्यंतच असतं. देवाच्या दारात लबाडी नको."

"तो जसा उभा होता, तसाच मागतेय मी. बोटभरही कापणार नाही."

तिने पायाकडचं टोक पेटवलं. चालतच घरी यायचाय ना, म्हणे! मग रोज तिथे गुडघे टेकून बसायची. पाय जळाले, छाती जळाली, एका संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी डोकंही संपलं. कादो नवा अंगरखा घालून हजर.

"संपला गं तो," रिवालने तिचा खांदा धरला. "चल आता."

"हात उरलाय, बाबा."

मी तिच्याजवळ वाकले. "अगं, जिवाला किती छळशील?"

"मावशी, दाराला कडी लावू नका."

ज्योत शेवटच्या बोटाशी आली, आणि दार धाडकन उघडलं. वारा आत घुसला, मेणबत्ती विझली. उंबऱ्यात काठीवर रेललेला गोल्वेन, हाडं तेवढी उरलेली. बापड्याने तस्साच हात वर केला.

कुणीही धावत सुटलं असतं. ही मात्र जागेवरून हलली नाही. गालांवरून धारा लागलेल्या, तरी बापाकडे वळली.

"विझली, बाबा. शब्द दिलाय. सांगा, कुणाशी लग्न करू?"

रिवालने कादोकडे पाहिलं. कादोच मुकाट बाजूला सरकला, भला माणूस. मग म्हातारा दाराशी गेला.

"हात खाली घे रे आता," तो रडत म्हणाला, "आणि तिचा धर."