मोठ्या मॅचचा बिब्बा

चांदूर बाजारकडच्या आमच्या वावरात तूर कापली की तिचे खुंट जमिनीत तसेच राहतात, बोटभर, तिरपे, टोकदार. त्याला धसकट म्हणतात. ते पायात घुसलं नाही असं एक माणूस आमच्या गावात दाखवा, मी हरले म्हणून सांगेन. घुसलं की माय बिब्बा काढायची. बिब्ब्याला दाभण टोचायचं, दिव्यावर धरायचं आणि काळं तेल टपकायला लागलं की ते जखमेवर घ्यायचं. आग अशी होते की तोंडातून शिवीच निघते. पण दुसऱ्या दिवशी पाय टेकवता येतो. दवाखाना तालुक्याला आणि बिब्बा फडताळात, मग कोण कशाला तालुक्याला जाईल?

आमचं माळ्याचं घर. वांगी, मेथी, झेंडू. शाळेत अमरावतीचे एक सर आले आणि त्यांनी पोरींची फुटबॉल टीम काढली, तेव्हा गाव हसलं होतं. "पोट्ट्याईचा खेळ पोरी खेळून राहिल्या, बापा!" मी पुढे खेळायची आणि डाव्या बाजूला शेजारच्या घरची माझी मैत्रीण. ती पळायला लागली की सरसुद्धा शिट्टी वाजवायचं विसरायचे.

आमचं ग्राउंड स्मशानाच्या रस्त्याला लागून होतं. प्रेत निघालं की बॉल उचलून हातात घ्यायचा आणि गुमान उभं राहायचं, हा नियम आम्हीच केलेला. आधी असं क्वचितच व्हायचं. मग पावसाने लागोपाठ दगा दिला, कपाशीची पऱ्हाटी उभीच्या उभी वाळली, आणि बॉल सारखा हातात यायला लागला. एका संध्याकाळी मैत्रिणीच्या बापाची तिरडी गेली. फवारणीचं औषध. आम्ही सगळ्या उभ्या होतो, फक्त डावीकडे कोणी नव्हतं. वर्षाच्या आत करायचं म्हणून तिचं लग्न उरकून टाकलं. तिच्यामागे एकेक करत सगळ्याच सासरी गेल्या. शेवटी सर मोटरसायकल घेऊन एकट्या माझ्यासाठी यायचे. मी शाळेच्या भिंतीला पास द्यायची आणि भिंत मला परत द्यायची. भिंतीचं लग्न होत नाही, एवढं बरं होतं.

अकोल्याच्या निवड चाचणीच्या आदल्या दिवशी धसकट लागलं. मायने बिब्बा लावला, सकाळी बूट चढले आणि माझी निवड झाली. तिथून राज्याची टीम, मग देशाची ज्युनिअर टीम, आणि एकदा विमानाने परदेशात जाऊन मॅच. तिथलं ग्राउंड पाहून मी आधी खाली बसून गवतावर हात फिरवला. घरी आल्यावर माय विचारते, "एवढं गवत! निंदाले बाया कितीक लागत असतीन व?" खरं सांगते, त्या मॅचबद्दल घरात दुसरं काही कोणी विचारलं नाही.

मग मोठ्या टीमच्या कॅम्पचं बोलावणं आलं. तिथे नाव लागलं की खेळाडू म्हणून नोकरी, राहायला क्वार्टर. मायने सगळं ठरवून टाकलं होतं. "तुह्या नोकरीवर आपन तिघंही निघून जाऊ इथून. तुह्या बाबाले इथं ठेवत नाही मी." बाबा त्या दिवसांत वावराच्या बांधावर, धुऱ्यावर जाऊन नुसते बसायचे. हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. मायने फवारणीचा डबा शेजाऱ्याकडे नेऊन ठेवला होता, आणि बाबा उठले की तीही काहीतरी काम काढून उठायची.

निघायच्या आदल्या दिवशी अमरावतीच्या बाजारासाठी झेंडू तोडायचा होता. तोडता तोडता मी धुऱ्यापलीकडच्या तुरीत उतरले आणि धसकट चपलेतून वर आलं. लागलं तसं थोडंच होतं. मायने बिब्बा काढला.

"माय, थोडासाच लाव न व."

"मोठी मॅच हाय न? मंग थोडा काहून?"

तिने तळव्याला लावला. मग सरावात मुरगळलेल्या घोट्याला लावला. मग नडगीला. जिथं जिथं दुखतं म्हणून मी कधी कुरकुरले होते, तिथं तिथं तिने तेल ओढलं, वर फडकं बांधलं आणि वाटेत खायला खोबऱ्याचा तुकडा दिला. बिब्बा बाधू नये म्हणून त्यावर खोबरं खातात. तिचं कशात काही चुकलं नव्हतं, सगळं रीतीप्रमाणेच केलं होतं तिने.

बडनेऱ्याला गाडीत बसले तेव्हाच पाय खाजायला लागला होता. मी मोजा वर ओढून घेतला. कॅम्पवर पोचले तोवर पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजला होता, काळे पट्टे उठले होते आणि त्यांवर पाण्याचे फोड. बिब्बा उतला होता. कोणाला उततो, कोणाला नाही, आणि आजवर न उतलेल्यालाही एखाद दिवशी उततो. बूट चढलाच नाही. तिथल्या डॉक्टरबाईंनी पाय पाहिला आणि दार लावून घेतलं.

"किसने किया?"

मी म्हटलं, "माँ ने. दवा है."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, भाजलेल्या लेकराच्या डोक्यावरून फिरवतात तसा. बिब्ब्याला हिंदीत काय म्हणतात ते मला कुठे ठाऊक! माझ्या मायबद्दल त्या बाईच्या मनात काय आलं असेल, या विचाराने आजही अंगाचा तिळपापड होतो. कॅम्पवाल्यांनी मला गाडीत बसवून दिलं. "अगली बार," म्हणाले. ती पुढची खेप काही आली नाही. पाय बरा झाला तोवर माझ्या जागी दुसरी बसली होती, आणि बसलेलं माणूस कोण उठवतं?

घरी आले तेव्हा माय अंगणात होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, सरळ पायाकडे पाहिलं.

"उतला?"

मी मान हलवली.

"तुले तं कधी उतत नव्हता न व," ती म्हणाली, आणि आपल्याच उजव्या हातावर डाव्या हाताने मारत सुटली. मी तिचा हात धरायला गेले तर मलाच ढकललं. बाबा ओट्यावर होते. उठले आणि वावराकडे चालू लागले. माय तशीच त्यांच्यामागे धावली, अनवाणी. मीही धावायला गेले आणि दोन पावलांत खाली बसले. देशासाठी पळालेली पोरगी मी, अंगणात बसून रस्त्याकडे पाहत होते. त्या दिवशी माय त्यांना हाताला धरून परत घेऊन आली.

आम्ही तिघं अजून तिथेच आहोत. पेपरात कधीमधी टीमचा फोटो येतो. मायला वाचता येत नाही, ती फोटो माझ्यासमोर धरते.

"तुह्या जागी कोनती व?"

मी कोणत्याही एका पोरीवर बोट ठेवते. माय तिचे पाय नीट पाहते. मग पेपराची घडी घालते आणि म्हणते, "तिच्या मायनं काही लावलं नसन."