दोघांसाठी सार्दाना

मुलगी नोकरीसाठी बार्सिलोनाला गेली आणि सावली गावातल्या घरात मी आणि तिचा इलेक्ट्रिक पियानो असे दोघेच उरलो. त्यातल्या त्यात बोलका तो. एका रविवारी तिनं तिथल्या चौकातल्या नाचाचा व्हिडिओ पाठवला. सार्दाना म्हणतात त्याला. तिथली कॅटलन माणसं हातात हात घेऊन फेर धरतात, पिशव्या मधोमध ठेवतात आणि परीक्षेला बसल्यासारखी पावलं मोजत टुणटुण उडतात. आपल्याकडे वरातीत कोण मोजतो!

मला तिला दिवाळीत घरी आणायचं होतं. नुसतं 'ये' म्हटलं की ती सुटीचं रडगाणं लावायची. म्हणून डाव टाकला. त्या नाचाच्या चालीवर, एकाच पियानोवर दोघांनी वाजवायचा तुकडा रचायचा. दुसरं माणूस लागणार, म्हणजे तिला यावंच लागणार! खालच्या सुरांत मी, वरच्या सुरांत ती. मध्येच मी तिचा सूर पळवायचा, तिनं माझ्या बोटावर चापट मारून तो परत घ्यायचा. धान पिवळं पडेपर्यंत हेच चाललं. मग दोन्ही भाग वेगवेगळे वाजवून पाठवून दिले.

दुसऱ्याच दिवशी तिचा फोन.

"बाबा, मस्त जमलं! मैत्रिणीच्या पियानोवर मी पूर्ण वाजवलं."

"पूर्ण? संगं कोण होतं?"

"कोणी नाई. तुमी दोन्ही भाग एकेका हाताचेच रचले. खालचा डाव्यानं वाजवला, वरचा उजव्यानं. चापटही मीच मले मारून घेतली. दोघांचे डावे हात काऊन बसवून ठेवले?"

जन्मभर भजनात पेटी वाजवलेला माणूस मी. उजव्यानं सूर, डाव्यानं भाता. रचतानाही माझा डावा हात पियानोच्या कडेला इमानदारीनं हवा भरत होता.

"आता तुमी बी एकटेच वाजवा," ती हसली. मीही हसलो. जरा जास्तच.

मग खालच्या भागात डावा हात कोंबला, वरच्यातही कोंबला, आणि पुन्हा पाठवला. तिनं लिहिलं, 'आता दोघं लागतील. सुटीचं बघते.'

तेव्हापासून मी माझा भाग घोटतोय. बाकाच्या डाव्या टोकाला बसून नुसतं पूम्-पूम्, पूम्-पूम्. काल शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, "भाऊ, गाणं कवा सुरू होते जी?"

"दिवाळीत."

"यंदाच्या?"

मी पहिल्या पूम्-पासून परत सुरुवात केली.