रेडिएटरवरचा फ्लेक्स

आमच्या गल्लीत गाडीचं बॉनेट उघडलं की पुरुष गोळा होतात. एरवी घरातली बाई गॅसची टाकी एकटीनं ओढत आणत असली तरी एकजण जागचा हलत नाही. बॉनेटचा आवाज आला की मात्र कुणी लुंगीवर येतो, कुणी अर्धी दाढी तशीच ठेवून येतो. सगळे आत वाकून बघतात. काय बघतात ते मला आजवर कळलेलं नाही आणि माझी खात्री आहे, त्यांनाही कळत नाही.

आमच्या ह्यांनी चिकलठाण्याच्या कारखान्यातली नोकरी मुदतीआधीच सोडली आणि मोटरहोम घेतलं. नाव मोठं. वस्तू म्हणजे शाळेची पोरं वाहून दमलेली जुनी डिझेल मिनीबस. आतल्या सीटा काढून कुणीतरी तिथं एक पलंग, एक बेसिन आणि शेगडीचा ओटा बसवला होता आणि खाली लाकडासारखं दिसणारं प्लॅस्टिक अंथरलं होतं. ह्यांना त्या फरशीचा भारी अभिमान. माणसाला चपला बाहेर काढायला लावायचे आणि मग आत काय आहे ते दाखवायचे. बघून झालं तरी चपला अजून गरमच असायच्या.

घेताना कारण मात्र मामांचं सांगितलं होतं. मामा म्हणजे माझे सासरे. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना फार वेळ बसवत नाही, आडवं पडूनच राहावं लागतं. साध्या गाडीतून त्यांना दवाखान्यापर्यंत नेणंही कठीण. त्यांचं सगळं तरुणपण मेंढरांमागं चालण्यात गेलं. गावोगावच्या रानात मेंढरं बसवायची, काही रात्री झाल्या की उठवायची आणि पुढं निघायचं. शेतकरी स्वतः बोलावतात, कारण मेंढरं रात्रभर रानात बसली की खताचा प्रश्न मिटतो. मुलाला शिकवण्यासाठी मामा शहरात आले, वॉचमनकी केली आणि म्हातारे झाले. त्यांचा धाकटा भाऊ मात्र अजून मेंढरांमागंच आहे. मामांची एकच इच्छा उरली होती. भावाच्या मेंढरांत एक रात्र झोपायचं.

त्या हिवाळ्यात भावाचा फोन आला. देवगाव रंगारीजवळ, मका निघालेल्या एका रानात मेंढरं बसली होती. रान सडकेला लागूनच होतं, मोटरहोम अगदी बांधापर्यंत जाणार होतं. असा योग पुन्हा कधी येणार? तिथून मेंढरं वैजापूरच्या अंगानं आडरानात शिरणार होती आणि तिथं चाकाची वस्तू जात नाही.

"चार दिसांत ये दादा," भाऊ म्हणाला. "मग मेंढरं उठत्यात."

मामांनी त्याच दिवशी घोंगडी काढायला लावली.

आता त्या फ्लेक्सबद्दल सांगते. गाडी दारात आली, तेव्हा ह्यांच्या मित्रमंडळानं अभिनंदनाचा फ्लेक्स छापून आणला होता. आमच्याकडं माणूस पोटनिवडणूक जिंकला तरी फ्लेक्स लागतो आणि कुत्र्याचा वाढदिवस असला तरी लागतो, तेव्हा मोटरहोमचा लागणारच. मधोमध गल्लीतले भावी नगरसेवक, हात जोडून. ते गेली कित्येक वर्षं भावीच आहेत. भोवती शुभेच्छुकांचे चेहरे, कुणी काळा चष्मा लावलेला, कुणी मोबाइल कानाला लावून दूरवर बघणारा. ज्यांचं अभिनंदन ते आमचे हे खाली कोपऱ्यात, पासपोर्टएवढे. आणि हा फ्लेक्स भावी साहेबांनी स्वतःच्या हातानं गाडीच्या तोंडावर, थेट पुढच्या जाळीवर बांधला. चारी कोपरे तारेनं आवळून.

त्या जाळीच्या मागं रेडिएटर असतो. त्याला समोरून वारा लागावा म्हणून तर ती जाळी असते. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. मी त्याच दिवशी म्हटलं, "अहो, वारा कुठून जाणार?"

"अगं, साहेबांनी बांधलाय," हे म्हणाले. जणू साहेबांना विचारून वारा वाहतो.

निघायच्या दिवशी ह्यांनी पहाटे उठून गाडी नुसती चालू करून ठेवली. इंजिन तापू द्यायचं असतं म्हणे. अर्धी गल्ली धुरानं भरली, शेजारणीच्या दोरीवरच्या साड्यांना डिझेलचा वास लागला आणि हे स्टिअरिंगवर हात ठेवून तपाला बसल्यासारखे बसून राहिले. गाडी जागेवर उभी करून नीट तापत नाही, हळूहळू चालवली की लवकर तापते, एवढं मला माझ्या स्कूटीवरूनसुद्धा कळलं होतं. पण स्कूटीवाल्या बाईचं ऐकायचं म्हणजे ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबणार.

दौलताबाद मागं पडलं, घाट सुरू झाला आणि इंजिनच्या तापमानाचा काटा चढायला लागला. मी पुढंच बसले होते. काटा मधे आला, मधून वर गेला, लाल पट्ट्याला टेकला. घाटातल्या जुन्या दगडी कमानीच्या अलीकडं बॉनेटमधून वाफ आली. गाडी बाजूला घेतली. मागून मामांनी विचारलं, "आलं का रान?"

इंजिन थंड होईपर्यंत थांबलो, पाणी घातलं आणि घरी परतलो.

संध्याकाळी गल्लीची सभा भरली. बॉनेट उघडं आणि भोवती सगळे दीडशहाणे. मी चहा घेऊन गेले तेव्हा विमा विकणारे एकजण ठासून सांगत होते, "थर्मोस्टॅट काढून टाका. ते थंड देशांसाठी असतं. आपल्याकडं त्याची गरजच नाय."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधली एक छोटी झडप. इंजिन गार असताना ती बंद राहते, म्हणजे पाणी आतल्या आत फिरून लवकर तापतं. पुरेसं तापलं की उघडते आणि पाणी रेडिएटरकडं निवायला सोडते. हे मी त्या दुपारी मोबाइलवर दहा मिनिटांत वाचलं होतं. त्या सभेतल्या प्रत्येकाच्या खिशात माझ्यापेक्षा महागाचा मोबाइल होता.

"आधी तो फ्लेक्स काढून बघा," मी ट्रे पुढं करत म्हटलं.

सगळे हसले. विमावाल्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, साखर जरा कमीच पडली."

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्यानं झडप काढली. का, कशासाठी, असला एक प्रश्न त्यानंही विचारला नाही. ती झडप मी त्याच्याकडून मागून घेतली आणि पर्समध्ये ठेवली. ह्यांनी तेवढ्यात माझ्या बोलण्याचाही मान ठेवला, त्यांच्या पद्धतीनं. ब्लेड घेऊन फ्लेक्सला वारा जायला चंद्रकोरीसारखी भोकं पाडली. फार जपून पाडली. एकाही शुभेच्छुकाच्या तोंडाला धक्का लागू दिला नाही. जिथं नुसतं आकाश छापलेलं होतं तिथं तिथं भोकं. आकाश थोडंच होतं, माणसं फार होती.

पुढच्या पहाटे पुन्हा निघालो. थंडी मरणाची होती. आता झडप नव्हती, म्हणून पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरकडं पळत होतं. गाडी सपाटीवर वेगात होती, भोकांतून गार वारा शिरत होता, त्यामुळं इंजिन तापेचना. काटा तळाशी झोपलेला. मागं पांढरा धूर. पलंगाजवळचा हीटर इंजिनच्याच गरम पाण्यावर चालणारा, त्यातून सगळी गार हवा. मामा घोंगडीत कुडकुडत होते.

"बघ, कसं थंड चाललंय इंजिन," हे खुशीत म्हणाले.

"तुमचे वडील पण थंड चाललेत," मी म्हटलं.

घाट लागला. वेग उतरला, तसा भोकांतून येणारा वारा संपला आणि काटा उठला. हीटरमधून तेव्हा कुठं गरम हवा यायला लागली. मामांना जरा बरं वाटतंय तोवर पुढून वाफ. पुन्हा तीच कमान. परवा तिथं उभा असलेला शेंगावाला आज आम्हाला ओळखून हसला.

आम्ही परत फिरलो. घरी पोचेपर्यंत मामांना खोकला सुरू झाला होता. दुपारी भावाचा फोन आला, तो त्यांनी पडल्या पडल्या स्वतः घेतला. "व्हय, येतो," म्हणाले. "गाडीला जरा बरं नाय." गाडीच्या वतीनं ते लाजत होते. तेव्हा मात्र मला ह्यांचा, भावी साहेबांचा, सगळ्या काळ्या चष्म्यांचा भयंकर संताप आला. एका म्हाताऱ्याला एक रात्र रानात झोपायचंय आणि हे आकाशातली भोकं मोजतायत.

त्या संध्याकाळच्या सभेत नवा निकाल लागला. रेडिएटरच बदलायचा, त्याला आठवडा लागणार. "मेंढरं काय, पुढच्या वर्षी पण येतील," विमावाले म्हणाले. मामांना पुढचं वर्ष आहे का, हे विम्याच्या माणसाला तरी विचारावंसं वाटायला हवं होतं.

सकाळी मी ह्यांना घेऊन गॅरेजात गेले आणि पर्समधली झडप समोर ठेवली. "ही बसव," म्हटलं. गॅरेजवाल्यानं ह्यांच्याकडं बघितलं. मी म्हटलं, "त्यांच्याकडं नाही, इकडं बघ." बसवली. मग तिथंच मी भाजीची कात्री काढली आणि फ्लेक्सच्या बाजूला उभी राहिले. तारा काही तुटेनात, म्हणून तारांजवळून फ्लेक्सच कापला. हे मधे पडले नाहीत. फक्त म्हणाले, "घडी नीट कर गं. साहेबांना परत द्यावा लागेल."

घडी करून पलंगाखाली टाकला.

तिसऱ्यांदा निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. शहराबाहेर पडेपर्यंत काटा मधे आला आणि तिथंच थांबला. हीटर गरम. घाटात काटा जरासा वर सरकला, पण उतार लागताच तो मुकाट्यानं मधे येऊन बसला. कमान गेली, खुलताबाद गेलं, वेरूळ गेलं. इतकं सोपं होतं ते. ह्यांनी वाटेत एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. कसाबखेडा आल्यावर म्हणाले, "झडप नवी टाकायला पाहिजे होती बहुतेक. तीच खराब असणार." मी खिडकीबाहेर बघत राहिले. काही माणसांशी भांडणं म्हणजे आपलाच काटा लाल करून घेणं.

देवगावच्या अलीकडं ते रान सापडलं. रिकामं होतं. सगळ्या रानभर लेंड्या, खुरांनी तुडवलेली माती, मधे विझलेली चूल. मेंढरं पहाटेच उठून गेली होती. बांधावरच्या बाभळीखाली मामांचा भाऊ एकटाच बसला होता आणि त्याच्याजवळ एक मेंढी, पायाला फडकं बांधलेली, पोटाशी कालपरवाचं कोकरू.

तो उठून गाडीपाशी आला. ह्यांनी सवयीनं सांगितलं, "काका, चपला तेवढ्या बाहेर." काकांनी निमूट काढल्या आणि आत गेले. पलंग बघितला, बेसिन बघितलं, भावाच्या पायाशी बसले.

"पोरं म्होरं गेली मेंढरं घेऊन," ते म्हणाले. "रानवाल्याला पाणी सोडायचं हाय, त्यो थांबंना. ही लंगडी चालंना, म्हणून म्या मागं ऱ्हायलो."

लंगड्या मेंढीला मेंढपाळ खांद्यावर घेऊन जातो. हे मामांना माहीत होतं, मलाही लग्नानंतर कळलं होतं. मामांनी भावाचा हात हातात धरला होता आणि ते खिडकीतून रिकाम्या रानाकडं बघत होते.

"घर झ्याक हाय दादा," काका म्हणाले. "चालतंय का पण?"

मामा खोकत खोकत हसले. मग म्हणाले, "मेंढी वर घे."

ह्यांनी आ वासला. वडिलांना म्हणाले, "आबा, ही फरशी..."

मी पलंगाखालून फ्लेक्स काढला, उलगडला आणि पलंग आणि ओटा यांच्यामधल्या फरशीवर अंथरला, चेहरे वर करून. चारी बाजूंनी बरोबर बसला, मापानं कापून आणल्यासारखा. काकांनी मेंढीला उचलून त्यावर ठेवलं, कोकरू तिच्या पुढ्यात. मेंढीनं इकडंतिकडं हुंगलं, भावी साहेबांच्या कपाळावर पाय रोवून उभी राहिली आणि लेंड्या टाकून मोकळी झाली. मग गोल फिरून तिथंच बसली.

गाडी बांधाला लावून आम्ही तिथंच राहिलो. ऊन उतरलं तशी थंडी वाढली. हे म्हणाले, हीटरसाठी इंजिन चालू करतो. मामा म्हणाले, "नको. आवाजानं ऐकू येणार नाय." त्यांनी पलंगावरून हात खाली सोडला होता, मेंढीच्या लोकरीत बोटं खुपसली होती आणि डोळे मिटून ते तिचं रवंथ ऐकत होते.