काकीच्या मुठीतली वेणी

गोंडपिपरीच्या बाजारात परवा वाळल्या मोहफुलांचा वास आला आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली.

लहानपणी एका पहाटे मी काकीसोबत जंगलात मोहफुलं वेचत होते. जवळच्याच झुडपातून वाघाचा उग्र दर्प आला. घाबरून माझ्या हातून टोपली सांडली. फुलं भरायला मी वाकणार, तोच काकीनं वेणी धरून मला सरळ उभं केलं.

"वाकू नको. माणूस वाकला का त्याले जनावर वाटते. चाल."

"काकी, दुखून राह्यलं!"

"दुखू दे."

गाव येईपर्यंत तिनं वेणी सोडली नाही. त्या रागानं मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही.

आज कळतं, वेणी धरणाऱ्याला मागूनच चालावं लागतं. आणि वाघ मागेच होता.