‘बिफोर’मधली मुलगी

सरांनी मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, उभी राहा, स्वतःबद्दल इंग्रजीत बोल.

झाशीच्या सीपरी बाजारातला इंग्रजीचा क्लास. खाली चपलांचं दुकान, वर ही खोली. मी नवीनच नाव घातलं होतं. सर म्हणाले, रेकॉर्ड करून ठेवतो, नंतर तुझी प्रगती तुलाच दिसेल. मला ते पटलं. मी उभी राहिले. नाव सांगितलं, ते नीट निघालं. पुढचं वाक्य मनात जुळवलं आणि बोलले.

"माय फादर गिव्ह फूड. इन बंगलो."

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"गिव्ह फूड?" सर म्हणाले. "लंगर चलाते हैं क्या?"

मग सगळा वर्ग हसला. माझे कान तापले. मला वाटलं, नीट समजावून सांगितलं तर हसणं थांबेल. म्हणून बोलत गेले. "नो सर. ही सर्व्हंट. वुई मराठी. इन हाऊस टॉक मराठी."

सरांनी मोबाईल जराही हलवला नाही. "झाँसी में रहकर मराठी," ते म्हणाले. "यानी हिंदी भी उधार की. और अंग्रेज़ी भगवान भरोसे. बैठ जाओ."

मी बसले. हात ओढणीत लपवले. तरीही दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही. शिकायचं तर अपमान गिळावा लागतो, असंच घरात पाहिलं होतं.

आमचं घर म्हणजे मोतद्दारांचं घर. पेशव्यांच्या काळात जी मराठी फौज इकडे आली, तिच्यात आमचे पूर्वज घोड्यांची चाकरी करायचे. खरारा करायचा, दाणा द्यायचा, लीद काढायची. घोडे गेले, फौज गेली, चाकरी राहिली. झाशीत आजही मराठी माणसं जमली की आम्ही 'मोतद्दारांकडचे'. सरदारांच्या आणि भटजींच्या घरांतली मुलं बँकेत, कॉलेजात, परदेशात. त्यांना मराठी धड येत नाही, पण आम्ही कोण हे बरोबर माहीत असतं.

बाबा छावणीतल्या एका जुन्या बंगल्यावर कामाला होते. मोठ्या वकिलाचं घर. पांढरा शर्ट घालून टेबलावर वाढायचं, चहा द्यायचा, प्लेटा उचलायच्या. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून आम्ही दोघंच.

मी हिंदी माध्यमातून बी.ए. केलं आणि साडीच्या दुकानात लागले. एका खासगी इस्पितळात रिसेप्शनची जागा निघाली म्हणून गेले. समोरच्या बाई इंग्रजीत विचारत होत्या, मी प्रत्येक प्रश्नाला 'येस मॅडम' म्हणत होते. शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं, मी परत 'येस मॅडम' म्हणाले, आणि शेजारी बसलेला माणूस हसायला लागला. बाहेर आल्यावर शिपायाने सांगितलं, मॅडमनी विचारलं होतं, मी बोलते त्यातलं तुला काहीच कळत नाहीये का? म्हणून हा क्लास.

क्लासच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत चार शब्द कायमचे लिहिलेले असायचे. लिसनिंग, स्पीकिंग, रीडिंग, रायटिंग. सर म्हणायचे, ही चार कौशल्यं आली की जग तुमचं. मी रोज ते चार शब्द वहीत उतरवून घ्यायचे.

एके दिवशी दुकानात शबनमने मला गोदामात बोलावलं. ती माझ्याबरोबर काउंटरवर असते, आमची चांगली मैत्री आहे. तिने मोबाईल पुढे केला पण बघवत नसल्यासारखी दुसरीकडे पाहत राहिली. क्लासची जाहिरात होती. स्क्रीनवर मी. ओढणी सावरत, 'माय फादर गिव्ह फूड' म्हणत. मागे माणसं खदखदून हसल्याचा आवाज घातलेला. माझ्या चेहऱ्यावर लाल फुली आणि खाली शब्द, 'बिफोर'. मग चित्र बदललं. दुसरी मुलगी, मोकळे केस, फाडफाड इंग्रजी. खाली, 'आफ्टर'. ती मुलगी मी क्लासात कधीच पाहिली नव्हती. नंतर कळलं, सरांच्या नात्यातली, लहानपणापासून कॉन्व्हेंटात शिकलेली.

ती जाहिरात सगळ्या झाशीने पाहिली असं मला तरी वाटायला लागलं. साडी दाखवताना गिऱ्हाईक बाई मध्येच थांबायच्या. "आप वही हो ना?" शेठजींनी मला काउंटरवरून काढून मागे साड्यांच्या घड्या घालायला बसवलं. रागावले नाहीत. म्हणाले, थोड्या दिवसांची गोष्ट आहे, लोक विसरतील.

मराठी मंडळाच्या मोबाईल ग्रुपवरही ते आलं. टाकणाऱ्या काकू सरदारांच्या घरातल्या. खाली हसणारी तोंडं आणि एक ओळ, 'आपल्या मोतद्दारांकडची पोरगी'. गणपतीच्या आरतीला त्या भेटल्या. माझ्या हातावर प्रसाद ठेवला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "अगं, कशाला हा खटाटोप? तुमच्याकडे कोणाला लागतंय इंग्रजी?"

मी प्रसाद खाल्ला.

बाबांना मी काही सांगितलं नव्हतं. पण त्यांना कळलं होतं. बंगल्यावरच्या ड्रायव्हरने दाखवलं. ते संध्याकाळी घरी आले, चपला काढल्या, भिंतीला टेकून बसले. मी म्हणाले, बाबा, तुमचं नाव खराब केलं मी. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाले, "बेटा, ते लोक इंग्रजीत जे बोलतात ते सगळं मला कळतं."

मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून म्हणताहेत. पण ते सांगत गेले. त्या घरात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. टेबलाशी उभं राहून ऐकता ऐकता कळायला लागलं. कोणी शिकवलं नाही. आणि त्यांना कळतं हे त्या घरात कोणालाच माहीत नाही. एकदा वकिलाच्या बायकोचा, म्हणजे मॅडमचा, हार सापडेना. घरात पाहुणे होते. बाबा चहा ओतत होते आणि त्यांच्या समोरच इंग्रजीत बोलणं सुरू झालं. यानेच घेतला असेल. मोतद्दार की काय म्हणतात, त्यांच्यातला आहे. पोलिसांत द्यावं की नुसतं काढून टाकावं. साहेब म्हणाले, आत्ता नको, रात्री पार्टी आहे, वाढणार कोण?

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"चहा ओतला. साखर विचारली."

हार दुसऱ्या दिवशी मॅडमच्याच पर्समध्ये मिळाला. बाबांची माफी कोणी मागितली नाही. कशी मागणार? त्यांच्या हिशोबी बाबांनी काही ऐकलंच नव्हतं.

"कळतंय हे कळू दिलं असतं," बाबा म्हणाले, "तर ती नोकरी राहिली नसती. तुझी शाळा होती."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. फळ्यावरचा तो पहिला शब्द, लिसनिंग. बाबांनी आयुष्यभर तेवढंच केलं होतं. दुसऱ्या शब्दापर्यंत त्यांना कोणी येऊच दिलं नाही. त्या संध्याकाळी माझी लाज गेली. तिच्या जागी जो राग आला तो अजून गेलेला नाही.

पुढच्या आठवड्यात सरांचा फोन आला. आवाजात गूळ होता. म्हणाले, तुझी रील फार चालली. आता तुझीच 'आफ्टर' करू. रविवारी नव्या मुलांसाठी डेमो आहे, आईवडील येतात, तू स्टेजवर ये. बोलायचं त्यांनी लिहून पाठवलं. मी काहीच नव्हते, सरांनी मला माणूस केलं, आज मला स्वतःचा अभिमान वाटतो. इंग्रजीत. पाठ कर म्हणाले.

मी गेले. हॉल भरलेला होता. सरांनी माझी ओळख करून दिली, 'बिफोर' दाखवलं, लोक हसले. मग त्यांनी माईक माझ्या हातात दिला आणि मोबाईल समोर धरला.

मी लोकांकडे बघून बोलले. इंग्रजीतच. "धिस इज माय फेस. सर नॉट आस्क मी. द आफ्टर गर्ल इज नॉट स्टुडंट. माय फादर इज नॉट जोक. ऑल लाइफ ही लिसन."

सर हसले. लोकांना दिसेल असे हसले, आणि म्हणाले, "लिसन्स. एस लगेगा."

काही जण पुन्हा हसले. पण या वेळी मी बसले नाही.

"एस लगा दूँगी," मी म्हणाले. "पहले वीडियो हटाइए."

सरांनी माईक काढून घेतला. पुढच्या रांगेतली एक बाई उठली आणि त्यांना विचारू लागली की तुम्ही मुलींचे व्हिडिओ असे न विचारता टाकता का? तिच्यामागून आणखी एकजण. मी पायऱ्या उतरून खाली आले. रस्त्यावर ऑटोंचा गलका होता. मी नळावर तोंड धुतलं.

सरांनी जाहिरात काढली. लोकांच्या मोबाईलवर आहेच. मंडळाच्या ग्रुपवर मी लिहिलं, हा व्हिडिओ मला न विचारता टाकलेला आहे, काढा. त्यांनी ग्रुपवरून मला काढलं.

मी क्लास सोडला, इंग्रजी नाही. दुपारी गोदामात शबनम आणि मी डबा खाताना मोठ्याने वाचतो. साडीच्या खोक्यांवरचं, औषधाच्या पाकिटावरचं, शिळ्या इंग्रजी पेपरातलं. ती माझ्या चुका काढते, मी तिच्या. मोबाईलवर बातम्या लावते आणि ऐकलेलं लिहून काढते. बाबांना म्हटलं, तुम्ही बोला ना माझ्याशी. ते तोंड उघडतात आणि मिटतात. सगळं कळतं, पण जीभच उचलत नाही. ते बघणं मला क्लासातल्या हसण्यापेक्षा जड जातं.

मग मागच्या महिन्यात बंगल्यावरून मॅडमचा फोन आला. बाबांचा मोबाईल मी घेतला. त्यांच्याकडे लग्नाची पार्टी होती. "बेटा, पापा के साथ आ जाना, थोड़ा हाथ बँटा देना परोसने में." मी इंग्रजीत म्हणाले, नाही मॅडम, मी येणार नाही.

मग फोन तसाच कानाशी ठेवून त्या बाजूच्या कोणाला तरी इंग्रजीत म्हणाल्या की ही नोकरांची पोरं, दोन शब्द शिकली की यांना जागा दाखवावी लागते.

"आय हर्ड दॅट, मॅडम," मी म्हणाले.

फोन बंद झाला. बाबा चुलीपाशी... म्हणजे गॅसपाशी उभे होते, आम्ही अजून चूलच म्हणतो. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सकाळी शर्टाला इस्त्री करून गेले आणि उन्हं चढायच्या आत परत आले. उद्यापासून येऊ नको म्हणाल्या. एवढंच सांगितलं आणि शर्ट घडी करून ट्रंकेत ठेवला. मला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं. लावला नाही.

आता घर माझ्या एकटीच्या पगारावर आहे. गेल्या आठवड्यात एका लॅबमध्ये रिसेप्शनसाठी मुलाखत दिली. जे कळलं नाही ते 'प्लीज, स्लोली' म्हणून पुन्हा विचारायला लावलं. तरी घेतलं नाही. सोमवारी दुसरीकडे जाते आहे. तिथेही चुकेन. क्रियापद चुकेल, उच्चार चुकेल. कोणी हसलं तर हसू दे. पण माझ्याबद्दल, माझ्या बाबांबद्दल, माझ्यासमोर कुठल्याही भाषेत कोणी काही बोललं, तर ते मी ऐकून घेणार नाही. त्याच भाषेत, तोंडावर, उत्तर देईन. त्यापायी नोकऱ्या जातील. जाऊ देत.